आई, यंदा आम्ही आमचे जाऊ?

मैत्रिणींनो, दहावी-बारावीची परीक्षा आटोपली की घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो. तो सरळ कधी येत नाही. आधी दोन दिवस लेक न सांगता भांडी विसळून ठेवते, चिरंजीव स्वतःचं अंथरूण स्वतः गुंडाळतात. आपण मनात म्हणतो, सूर्य पश्चिमेला उगवला की काय! आणि मग एका संध्याकाळी, आपले दोन्ही हात कणकेत असताना, हळूच कानावर येतं, "आई, यंदा आम्ही आमचे जाऊ? चारच दिवस. पाचजण आहोत. सगळ्यांच्या घरी हो म्हणालेत."

सगळ्यांच्या घरी हो म्हणालेले नसतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पाचही घरांत त्या क्षणी हेच वाक्य चालू असतं!

आपली उत्तरंही ठरलेली. "बाबांना विचार." बाबा म्हणतात, "आईला विचार." किंवा "बघू." बघू म्हणजे नाही, हे मुलांना पहिलीत असल्यापासून कळतं. मुलगी असली तर आणखी एक उत्तर तयार असतं, "लग्न झाल्यावर जा हो नवऱ्याबरोबर, कुठे जायचं तिथे." यातलं एकही उत्तर खरं उत्तर नव्हे. आपण फक्त वेळ मारून नेतो. पण पंधरा-सोळा वर्षांचं मूल ही अशी गोष्ट आहे की तिथे वेळ मारून नेता येत नाही. म्हणून आज जरा बैजवार या प्रश्नाकडे पाहू या.

आपल्याकडे हे नवं नाही

"आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं," असं म्हणायच्या आधी जरा आठवून पाहा. शिवडी, परळ, लालबाग, काळाचौकी या आपल्या गिरणगावात तर मुलांना एकटं पाठवायची रीतच होती. मे महिना लागला की चाळीतली अर्धी मुलं कोकणात किंवा घाटावर आजोळी जायची. बापाला खात्यातून रजा नाही, आईला धाकट्यांचं सोडून निघता येत नाही. मग दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात पिशवी द्यायची, खिशात गावचा पत्ता घालायचा, आणि परळच्या डेपोत एस.टी.त बसवून द्यायचं. त्याआधीच्या पिढीत भाऊच्या धक्क्यावरून बोट असे. धक्क्यावर कोणीतरी गाववाला शोधायचा आणि सांगायचं, "आमचं पोर आहे हो, देवगडला उतरवा." 1982 च्या गिरणी संपात तर कित्येक घरांनी मुलांना गावीच नेऊन ठेवलं. पुढे 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. रात्री दादरला गाडीत बसलेलं पोर सकाळी आजीच्या खळ्यात, आणि आजी दारातूनच, "इलंस रे झिला!"

त्याहून जुनं उदाहरण हवं असेल तर महर्षी कर्व्यांचं घ्या. 1875 साली, वयाच्या 17 व्या वर्षी, ते दापोलीजवळच्या मुरुडहून सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून साताऱ्याला परीक्षेसाठी पायी गेले. चालणं थोडंथोडकं नाही, शंभर मैलांच्या वर! तिथे पोचल्यावर, वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. बिचारे आले तसे परत गेले. पण तेवढ्याने हा मुलगा खचला नाही. याच माणसाने पुढे 1916 साली भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं केलं.

तर मूल एकटं जाणं नवं नाही. नवं काय आहे, ते पाहू.

मग भीती कशाची वाटते?

पूर्वी मूल एकटं जायचं असं आपण म्हणतो, पण ते एकटं नसायचं. एस.टी.चा कंडक्टर गावाकडचा, शेजारच्या बाकावर वाडीतले काका, उतरण्याच्या थांब्यावर चहावाला आजोबांच्या ओळखीचा. मुंबईच्या खोलीपासून गावच्या पडवीपर्यंत ओळखीच्या माणसांची एक साखळी असायची. पोराने मध्येच उतरून बर्फाचा गोळा खाल्ला तरी बातमी त्याच्याआधी घरी पोचायची!

आज ती साखळी तुटली आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत, शिवडीच्या किनाऱ्यावरून थेट समुद्रातून जाणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी 2024 पासून सुरू झाला आहे, शेजारच्या ब्लॉकमध्ये कोण राहतं ते आपल्याला माहीत नाही. मुलांनाही आता आजीच्या गावी नव्हे, तारकर्लीला जायचं असतं. तेही मावशीबरोबर नव्हे, मित्रमैत्रिणींबरोबर. भरीला मोबाइलवर दिवसभर नको नको त्या बातम्या. आईच्या पोटात गोळा येतो, यात तिची काय चूक?

पण मैत्रिणींनो, भीतीची नीट निवड करायला हवी. आपल्याला वाटतं, मोठं माणूस बरोबर असलं की मूल सुरक्षित. तसं असतं तर किती बरं झालं असतं! 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. ती सहल शिक्षकांबरोबर आलेली होती. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली 5 माणसं वाहून गेली. तिथे तर घरचीच वडीलधारी मंडळी सोबत होती. सांगायचा मुद्दा असा की, पाण्याला वय कळत नाही आणि नातंही कळत नाही. माहिती असलेलं पंधरा वर्षांचं पोर माहिती नसलेल्या पन्नाशीच्या काकांपेक्षा जास्त सुखरूप असतं. म्हणजे बरोबर कोण जातं याइतकंच, जाणाऱ्याला काय येतं, हेही विचारायला हवं.

सर्वांत धोक्याची सहल

आता मी जे सांगणार आहे ते जरा मन घट्ट करून वाचा. सर्वांत धोक्याची सहल कोणती? डोंगरावरची? समुद्रावरची? नाही. घरी खोटं सांगून गेलेली सहल.

ज्या घरात "नाही" हे एकच उत्तर असतं, तिथलं प्रत्येक मूल काही घरी बसत नाही. काही बसतात, काही "मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते" म्हणून निघतात. आई समजते लेक नायगावला आहे, लेक असते अलिबागच्या किनाऱ्यावर. सगळं सुरळीत झालं तर कोणाला पत्ता लागत नाही. पण पाय मुरगळला, पैसे हरवले, शेवटची लाँच चुकली, बरोबरच्या मुलांपैकी कोणी नको तसं वागू लागलं, तर? खरं सांगून गेलेली मुलगी पहिला फोन आईला करते. खोटं सांगून गेलेली मुलगी सगळ्यांना फोन करते, फक्त आईला सोडून. आणि वेळ आलीच, तर घरची माणसं तिला भलत्याच गावात शोधत बसतात.

म्हणून परवानगी म्हणजे मुलांचे लाड, असं मानू नका. अडचणीच्या वेळी त्यांचा पहिला फोन आपल्याला यावा, यासाठी आपण आधी भरलेला तो हप्ता आहे. याचा अर्थ दर वेळी "हो" म्हणा असा मुळीच नाही. "नाही" जरूर म्हणा. पण कारण द्या, आणि "हो" कधी मिळेल तेही सांगा. "लॉजवर राहायला नाही. मामाच्या घरी राहून फिरायला हो." अशा उत्तरावर मूल रुसेल, आदळआपट करेल, पण खोटं बोलायला जाणार नाही. कारण त्याला दार बंद दिसत नाही, किलकिलं दिसतं.

परवानगी एकदम नको

पोहायला शिकवताना आपण मुलाला पहिल्याच दिवशी खोल पाण्यात ढकलत नाही. इथेही तसंच. चार दिवसांची सहल ही शेवटची पायरी आहे. तिच्या आधीच्या पायऱ्या आपल्या शिवडीतच सापडतील.

पहिली पायरी, एका दिवसाची. हार्बर लाइनने पनवेलच्या आत्याकडे जाऊन संध्याकाळी परत यायचं. तिकीट स्वतः काढायचं, गाडी कोणत्या फलाटावर येते ते स्वतः बघायचं. आपण सूचना द्यायच्या नाहीत. जीभ कितीही वळवळली तरी नाहीत!

दुसरी पायरी, दुसऱ्याची जबाबदारी घ्यायची. धाकट्या भावंडांना घेऊन शिवडीचा किल्ला दाखवून आण, असं सांगा. इंग्रजांनी 1680 मध्ये बांधलेला हा किल्ला घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि आपल्यातल्या किती जणींनी तो आतून पाहिला आहे? हिवाळ्यात खाडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात तेही बघून यायचं. त्यासाठी ओहोटी कधी आहे ते आधी विचारून ठेवावं लागतं, पाणी न्यावं लागतं, धाकट्याला शू कुठे करवायची याचा विचार करावा लागतो. एका दुपारीत मुलाला आईपणाची चुणूक मिळते.

तिसरी पायरी, एक रात्र बाहेर. काकाकडे, मैत्रिणीच्या घरी, शाळेच्या शिबिरात. मूल वेळेवर कळवतं का, दुसऱ्याच्या घरी उष्टं ताट उचलतं का, हे यातून कळतं. ही तिसरी पायरी ज्याने नीट पार केली, त्याने चार दिवस मागितले तर त्याचा हक्क आहे. जिने यातली एकही पायरी केली नाही, तिला शांतपणे सांगा, "अगं, आधी पनवेल तर कर!"

कुठे जाऊ द्यावं?

पहिल्या सहलीला ठिकाण असं निवडा की जिथे आपलं एक तरी माणूस आहे. माझ्या मते सर्वांत उत्तम म्हणजे स्वतःचं किंवा मैत्रिणीचं गाव. दिवसा मुलांनी हवं तिथे हुंदडावं, रात्री पाठ टेकायला ओळखीचं घर. आजी-आजोबांना नातवंडं भेटतात, मुलांना आपण आपले गेलो असं वाटतं, आणि आपल्याला झोप लागते. तिन्ही कामं एका तिकिटात!

गाव नसेल तर शिबिराचा विचार करा. तरुण मुलांनी स्वस्तात, सुरक्षित आणि आपल्या पायांनी फिरावं ही कल्पना आता शंभरी ओलांडून पुढे गेली आहे. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे एक शिक्षक 1909 मध्ये आपल्या वर्गाला घेऊन पायी निघाले होते. वाटेत वादळाने गाठलं आणि सगळ्यांना एका शाळेच्या इमारतीत रात्र काढावी लागली. तिथे त्यांच्या डोक्यात आलं, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग मुलांना मुक्कामासाठी का मिळू नयेत? त्यातून जगभरातली यूथ हॉस्टेल्स उभी राहिली. आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया 1949 पासून आहे, आणि तिची पदभ्रमण शिबिरं मराठी घरांत चांगली परिचयाची आहेत. अशा शिबिरात पाठवताना वयाची अट, डॉक्टरांचा दाखला, पालकांची सही हे सगळं नीट विचारून घ्या. जे लोक या गोष्टी मागतच नाहीत, त्यांच्याकडे पाठवू नका. समाजमाध्यमावर जाहिरात बघून पैसे भरायचे आणि माणूस थेट कर्जतच्या स्टेशनवर भेटणार, असला प्रकार तर नकोच.

लॉजचं म्हणाल, तर बहुतेक ठिकाणी 18 वर्षांखालच्या मुलांना एकटं पाहून खोली देत नाहीत. त्यामुळे "तिथे गेल्यावर बघू" हे उत्तर अजिबात चालवून घेऊ नका.

मुलीला वेगळा कायदा का?

आता अवघड जागेचं दुखणं. मुलगा पंधराव्या वर्षी मित्रांबरोबर राजगडावर मुक्काम करून येतो आणि आपण शेजारणीला कौतुकाने सांगतो. मुलगी अठरावं गाठते तरी तिला एक रात्र मैत्रिणीकडे मिळत नाही. काळजी मुलीची जास्त वाटते हे मी नाकारत नाही. बाहेरचं जग दोघांना सारखं वागवत नाही, हेही खरं. पण म्हणून तिला शिकवायचंच नाही? उद्या नोकरीसाठी ती बंगळूरला जाईल, सासरी जाईल, परदेशी जाईल. एस.टी.त शेजारचा माणूस अंगचटीला आला तर काय करायचं, हे ती तेव्हा कोणाकडून शिकणार?

ते आता सांगा, स्पष्ट शब्दांत सांगा. संकोच आईने करायचा नाही. जागा बदल, आवाज चढव, कंडक्टरला हाक मार, दुसऱ्या बाईशेजारी जाऊन बस. "लोक काय म्हणतील" हा विचार तिथे करायचा नाही. पाळीची तारीख सहलीत येत नसली तरी पॅड पिशवीत हवेतच. बाकी एस.टी.त 17 मार्च 2023 पासून बायकांना सगळ्या प्रकारच्या गाड्यांत निम्मं तिकीट आहे. म्हणजे महामंडळानेसुद्धा लेकींना फिरायला सांगितलंय म्हणा ना!

आणि मुलग्यांच्या आयांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. पैजा लावून खोल पाण्यात शिरणं, कड्याच्या टोकाला उभं राहून फोटो काढणं, कोणाची तरी मोटरसायकल मागून घेणं, "एक घोट घे रे, काही होत नाही" याला भुलणं, या गोष्टी मुलग्यांच्या टोळक्यातच जास्त होतात. "मुलगाच आहे, त्याला काय होतंय" हे वाक्य घरातून काढून टाका. मुलग्यालाही "नाही" म्हणता आलं पाहिजे. आणि दुसऱ्या कोणी, विशेषतः मुलीने, "नाही" म्हटलं तर ते ऐकता आलं पाहिजे.

कागदावर लिहून घ्या

तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं. एक फुलस्केप कागद मुलांच्या हातात द्या आणि सहा प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगा. कुठे जायचं? कोण कोण, आणि त्यांच्या आईवडिलांचे फोन नंबर काय? जाण्यायेण्याचं वाहन कोणतं, वेळ कोणती? प्रत्येक रात्रीचा मुक्काम कुठे? खर्च किती? आणि सहावा, सर्वांत महत्त्वाचा: बिघडलं तर काय? गाडी चुकली तर? एकाला ताप आला तर? दोघांचं भांडण झालं तर?

सहाव्या प्रश्नापाशी मुलं डोकं खाजवू लागतात. खाजवू द्या. उत्तर आपण पुरवायचं नाही. ज्यांना ते सुचलं ती मुलं जायला तयार आहेत.

मग पाचही आयांनी एकमेकींना फोन करा. हे फार महत्त्वाचं, आणि आपण नेमकं हेच संकोचाने टाळतो. "सगळ्यांच्या घरी हो म्हणालेत" हे खरं की खोटं, ते दहा मिनिटांत कळतं. शिवाय तुटलेली ओळखीची साखळी जोडायचा आजच्या काळातला हाच मार्ग आहे.

रेल्वेने पाठवणार असाल तर हा कागद लवकर होऊ द्या. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्यातल्या कोकणच्या गाड्या किती पटकन भरतात ते तुम्हाला सांगायला नको. प्रवासात फोटोचं ओळखपत्र जवळ हवं.

पिशवीत काय, खिशात काय

पिशवी मुलांनी भरायची. आपण फक्त यादी तपासायची. एक नियम सांगून ठेवा: जी पिशवी घेऊन चाळीचे तीन जिने चढता-उतरता येत नाही, ती जड झाली.

खाण्याचं मात्र आपण बघू या, तेवढा आपला मान! पहिल्या दिवसासाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी लसणाची चटणी. पुढच्या दिवसांना चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, गुळाचा खडा. ओलं खोबरं, दही, कांदा घातलेलं काही देऊ नका, मेच्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबतं. कोणाला गाडी लागत असेल तर आवळासुपारी आणि दोन रिकाम्या पिशव्या. गोळी द्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

पैसे तीन ठिकाणी ठेवायला सांगा: थोडे खिशात, थोडे पिशवीच्या तळाशी, थोडे दुसऱ्या मित्राकडे. हल्ली मुलं मोबाइलवरून पैसे देतात आणि जवळ एक नोट ठेवत नाहीत. पण गावच्या टपरीवर रेंज गेली की मोबाइल आणि साबणाची वडी सारखीच. तसंच, घरचे, मुक्कामाचे आणि सोबत्यांच्या घरचे नंबर कागदावर लिहून द्या. आजच्या मुलांना आईचा नंबर पाठ नसतो हो! खाली आणखी चार नंबर: कोणत्याही संकटात 112, मुलांच्या मदतीसाठी 1098, महिलांसाठी 181, रेल्वेत 139.

औषधाच्या पुडीत जलसंजीवनीची पाकिटं, पट्टी, जंतुनाशक मलम, रोजचं काही औषध चालू असेल तर ते. कोकणात बूट आणि अंथरूण झटकल्याशिवाय वापरायचं नाही, रात्री विजेरीशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. साप किंवा विंचू चावला तर मंत्र-तंत्र नाही, सरळ सरकारी दवाखाना. विंचवावर आपल्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कितीतरी जीव वाचले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा उपाय आहे, फक्त वेळ घालवायची नाही.

पाणी आणि गाडी

या दोन बाबतींत घासाघीस नाही.

समुद्रात कमरेच्या वर जायचं नाही, आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय तर पाय घालायचा नाही. आपल्या कोळीवाड्यातली जुनी माणसं भरतीचा हिशोब तोंडी करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर ओहोटी लागते आणि पाणी माणसाला आत ओढू लागतं. पुनवेला आणि अवसेला हा जोर सर्वांत जास्त. हिशोब ढोबळ आहे, पण तो करणारं मूल समुद्राकडे नुसतं निळं पाणी म्हणून बघत नाही, एवढं खरं. पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेला पहिल्या सहलीत जायचंच नाही.

दुसरं, गाडी. 18 वर्षांखालच्या मुलाने मोटरसायकल चालवून अपघात केला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कायदा पालकांनाही जबाबदार धरतो. दंड 25 हजार रुपये, आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मुलांना घाबरवायला नव्हे, समजून द्यायला सांगा. "तुझ्या एका फेरीपायी बाबांना कोर्टात उभं राहावं लागेल" हे वाक्य दहा उपदेशांचं काम करतं.

फोनचा करार

दर तासाला फोन करणारी आई मुलांना सहल करू देत नाही. मग मुलं काय करतात? फोन बंद करतात आणि "बॅटरी गेली होती" म्हणतात. त्यापेक्षा आधीच ठरवा. रोज दोनदा, पोचल्यावर आणि रात्री मुक्कामी परतल्यावर, एका वाक्याचा निरोप. बस्स. मधल्या वेळात आपण फोन करायचा नाही. निरोप यायला तासभर उशीर झाला तर मात्र आधी मुलाला, मग सोबत्यांना, मग मुक्कामाच्या घरी, या क्रमाने फोन करायचा. हे मुलांनाही माहीत असू द्या.

आणि एक कलम आपल्या बाजूचं. मुलांना समोर बसवून सांगा, "काहीही झालं, अगदी तुमची चूक असली तरी, मला फोन करा. त्या फोनवर मी एक शब्दही ओरडणार नाही. जे काय बोलायचं ते घरी आल्यावर." हे वचन देणं सोपं आहे, पाळणं महाकठीण. पण एकदा का अशा फोनवर आपण ओरडलो, की दुसरा फोन येत नाही.

शिवडीच्या खाडीत येणाऱ्या त्या रोहित पक्ष्यांची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांची पिल्लं जरा मोठी झाली की आईबापांजवळ राहत नाहीत. शेकडो पिल्लांचा एक मोठा थवा होतो आणि त्यावर नजर ठेवायला थोडीच मोठी पाखरं असतात. मग एवढ्या गर्दीत आपलं पिल्लू सापडतं कसं? आवाजावरून! पिल्लाची हाक आईबाप ओळखतात. आपल्यालाही मुलांची हाक आपल्यापर्यंत पोचेल एवढं बघायचं आहे.

ते गेल्यावर

स्टेशनवर पोचवायला एकच जण जा. अख्खं घर फलाटावर उभं राहून रडू लागलं तर मुलांना मित्रांत मान वर करता येत नाही. सासूबाई काळजीने जप करत बसल्या तर त्यांना मोबाइलवरचा रात्रीचा निरोप वाचून दाखवा, त्यांनाही झोप लागेल. घरातल्या यजमानांचं काय? वरून "काही होत नाही" म्हणतात आणि रात्री दोनदा उठून पाणी पितात. त्यांना काही बोलू नका.

त्या चार दिवसांत मुलांचं कपाट आवरायला घेऊ नका, त्यांच्या वह्या चाळू नका. आपण विश्वास टाकला आहे ना, मग तो पुरा टाकायचा. त्याऐवजी बहिणीकडे जा, राहिलेलं पुस्तक वाचा, दुपारी निवांत झोपा. मुलांनी आपल्यावाचून राहायचं शिकायचं असतं, तसं आपणही थोडं शिकायचं असतं.

परत येतील ती काळवंडलेली, केस पिंजारलेली, एक चप्पल आणि दोन टॉवेल हरवून आलेली. पहिल्याच क्षणी टॉवेलचा हिशोब मागू नका. ताट वाढा आणि ऐका. पहिल्या दिवशी गमती सांगतील, तिसऱ्या दिवशी खरं काय झालं ते सांगतील. कोण रुसलं, कोण रात्री घाबरलं, कुणाचे पैसे संपले आणि कुणी दिले. मध्ये "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाल तर तिसऱ्या दिवसाची गोष्ट कधीच कानावर येणार नाही.

आणि हो, पिशवीतले मळके कपडे तुम्ही धुवायला घेऊ नका. जो गेला त्याने धुवायचे. चार दिवस स्वतःचं स्वतः बघता आलं, तर दोन बादल्या कपडे काय जड आहेत?